अमली कमाईचे वाटेकरी

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यावर छापा घातला. तिथे मेफेड्रोन तयार होत होतं. धागेदोरे एकीकडे सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत आणि दुसरीकडे दिल्लीपर्यंत गेले. सगळा माल मोजला तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार कोटी रुपयांच्या वर असल्याचं पोलिसांनी सांगितलं. असा आकडा छापून आला की वाचणाऱ्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो: एवढे हजारो कोटी सरकारच्या हाती लागले, मग ते जातात कुठे?

प्रश्न साधा आहे, पण त्यात दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. आधी ती सोडवू. पकडलेला माल आणि मालातून झालेली कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत. पकडलेलं मेफेड्रोन सरकार विकत नाही. पंचनामा होतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर यादी प्रमाणित होते आणि उरलेला साठा भट्टीत जाळला जातो. बातमीतले साडेतीन हजार कोटी म्हणजे तो माल बाजारात गेला असता तर मिळालेली रक्कम. सरकारी तिजोरीत त्यातला एक रुपयाही येत नाही.

आधी विकल्या गेलेल्या मालाची कमाई मात्र कुठे ना कुठे असतेच. ती कुणाच्या तरी खात्यात, फ्लॅटमध्ये, सोन्यात, शेअर्समध्ये किंवा हल्ली बिटकॉइनमध्ये पडून असते. अनेकदा ती ज्या देशात गुन्हा घडला त्या देशात नसतेच. मग ती पकडली एका देशाने, शोधली दुसऱ्याने आणि सापडली तिसऱ्यात, तर ती कुणाची? या प्रकरणाचा विषय हाच आहे.

१. हुकूम म्हणजे पैसा नव्हे

जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने मेक्सिकोचा तस्कर 'एल चापो' गुझमान याला जन्मठेप ठोठावली आणि १,२६० कोटी डॉलर सरकारजमा करण्याचा हुकूम दिला. हा पैसा मेक्सिकोचा आहे आणि आपण त्यावर हक्क सांगणार, असं मेक्सिकोचे तेव्हाचे अध्यक्ष लोपेझ ओब्रादोर यांनी लगोलग जाहीर केलं. दोन देशांचा वाद जुंपणार अशा बातम्या आल्या.

तो आकडा मात्र कुठल्याही खात्यातली शिल्लक नव्हता. गुझमानच्या टोळीने अमेरिकेत किती कोकेन, हेरॉइन आणि गांजा विकला याचा साक्षीपुराव्यावरून अंदाज बांधून न्यायालयाने ती रक्कम ठरवली होती. तेवढी मालमत्ता आधी सापडायला हवी. ती सापडेपर्यंत वाटणीचा प्रश्न कागदावरच राहतो.

इथे तीन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. पहिला शब्द टाच. टाच आली की मालमत्ता असते तिथेच राहते, मालकी बदलत नाही, पण मालकाला ती विकता, गहाण टाकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. बँक खातं गोठवणं हा टाचेचाच प्रकार. दुसरा शब्द जप्ती: वस्तू प्रत्यक्ष ताब्यात घेतली जाते. नोटा, दागिने, गाड्या. तिसरा शब्द सरकारजमा: न्यायालयाच्या किंवा कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या हुकमाने मालकीच सरकारकडे जाते. वाटणी होते ती या तिसऱ्या पायरीनंतर. टाच ते सरकारजमा या प्रवासात दहा-दहा वर्षं सहज जातात, आणि तेवढ्या काळात पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या केलेल्या गाड्यांचं काय होतं ते आपण सगळेच पाहतो.

२. न्यायालयाचे हात बांधलेले होते

गुन्हेगाराची कमाई काढून घेता येते हे आज आपण गृहीत धरतो. पन्नास वर्षांपूर्वी ब्रिटनसारख्या देशातही ते शक्य नव्हतं.

१९७७ मध्ये ब्रिटिश पोलिसांनी 'ऑपरेशन ज्युली' या नावाने एक मोठी कारवाई केली. वेल्सच्या ग्रामीण भागात एलएसडी बनवून जगभर पाठवणारी टोळी उघडी पडली, आरोपींना लांबलचक शिक्षा झाल्या. त्यांची सुमारे साडेसात लाख पौंडांची मालमत्ता शोधून काढण्यात आली. त्यातली काही स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधल्या बँकांत होती. खालच्या न्यायालयाने ती सरकारजमा केली. आरोपींनी अपील केलं आणि १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो हुकूम रद्द केला. कारण कायद्यातलं कलम गुन्ह्याशी थेट संबंध असलेल्या वस्तूंपुरतं होतं: अमली पदार्थ, उपकरणं, व्यवहाराची रोकड. गुन्ह्यातून मिळालेला आणि नंतर गुंतवलेला नफा त्यात बसत नव्हता. माणसं तुरुंगात गेली, नफा मात्र त्यांचाच राहिला.

या निकालाने ब्रिटनमध्ये खळबळ माजली. समिती नेमली गेली आणि १९८६ मध्ये अमली व्यापारातला नफा काढून घेणारा स्वतंत्र कायदा आला. अमेरिकेने १९७० पासूनच अशा तरतुदी करायला सुरुवात केली होती. १९८४ च्या कायद्याने तिथे सरकारजमा मालमत्तेचा निधी उभा राहिला आणि तपासात मदत करणाऱ्या स्थानिक पोलिसांनाही त्यातून वाटा मिळू लागला. देशांतर्गत वाटणीची हीच कल्पना काही वर्षांत देशाबाहेर गेली.

३. नोटा मोजणारं यंत्र

पैसा सीमा कशा ओलांडतो हे पाहण्यासाठी एकच प्रकरण जवळून पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या एका अहवालात ते सविस्तर दिलेलं आहे.

कोलंबियातल्या काली टोळीचा एक म्होरक्या होता होसे सांताक्रूझ लोंदोन्यो. अमेरिकेत कोकेन विकून त्याच्याकडे डॉलरचा ढीग साचत होता. तो कोलंबियात आणायचा तर कुणी विचारलं असतं, कुठून आला? हे उत्तर तयार करण्याचं काम फ्रँकलिन हुरादो नावाच्या, हार्वर्डमध्ये शिकलेल्या अर्थतज्ज्ञाकडे आलं.

हुरादोने टप्पे पाडले. पहिल्या टप्प्यात रोकड पनामाच्या बँकांत भरली जाई. हा सर्वांत धोक्याचा टप्पा, कारण इथे पैसा गुन्ह्याच्या सगळ्यात जवळ असतो. दुसऱ्या टप्प्यात तीन वर्षांच्या काळात हे डॉलर तारेने युरोपात गेले: नऊ देश, ६८ बँका, शंभरहून अधिक खाती. ऑस्ट्रिया, डेन्मार्क, ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी, इटली, लक्झेंबर्ग आणि मोनॅको. प्रत्येक खात्यात ५० हजार ते १० लाख डॉलर एवढीच शिल्लक ठेवली जाई, म्हणजे कुणाच्या नजरेत भरू नये. खाती सांताक्रूझच्या नातलगांच्या आणि प्रेयसींच्या नावांवर. तिसऱ्या टप्प्यात तेच पैसे युरोपीय वाटतील अशा बनावट नावांच्या नव्या खात्यांत वळवले जात, म्हणजे कोलंबियन आडनाव पाहून शंका यायला नको. शेवटी ते युरोपातल्या नावापुरत्या कंपन्यांमधून सांताक्रूझच्या कोलंबियातल्या उपाहारगृहांत, औषधांच्या दुकानांत आणि बांधकाम व्यवसायात 'गुंतवणूक' म्हणून परतायचे होते.

योजना कोसळली ती दोन साध्या कारणांनी. मोनॅकोतली एक बँक बुडाली आणि तिच्या वह्या तपासताना हुरादोशी जोडलेली खाती वर आली. आणि हुरादोच्या घरातलं नोटा मोजण्याचं यंत्र रात्रंदिवस चालू असे, त्याच्या आवाजाने हैराण झालेल्या शेजाऱ्यांकडून तक्रार गेली. १९९० मध्ये लक्झेंबर्गला त्याला अटक झाली. पुढे १९९६ मध्ये त्याने अमेरिकी न्यायालयात ३ कोटी ६० लाख डॉलरचं अमली धन फिरवल्याचा गुन्हा कबूल केला.

आता या प्रकरणाकडे हिशेबाच्या नजरेने पाहा. कोकेन विकलं गेलं अमेरिकेत. मालक कोलंबियात. रोकड भरली पनामात. बँक बुडाली मोनॅकोत. अटक लक्झेंबर्गमध्ये. खाती नऊ देशांत. याच सांताक्रूझच्या पत्नीच्या माहेरच्या नातलगांची खाती ब्रिटनमध्ये होती. ती ब्रिटनने गोठवून ठेवली आणि त्यांच्यावरचा दावा मात्र न्यूयॉर्कमध्ये चालला. एकट्या देशाला यातला अर्धा धागाही ओढता आला नसता. अमेरिकेचा हुकूम लक्झेंबर्गच्या बँकेवर चालत नाही, आणि लक्झेंबर्गच्या पोलिसांना न्यूयॉर्कच्या रस्त्यावर काय विकलं गेलं याचा पुरावा मिळवता येत नाही.

४. या पैशाला मालक नाही

सरकारी तिजोरीतून चोरलेला पैसा परदेशात सापडला तर कायद्याचं उत्तर सरळ आहे: ज्याचा आहे त्याला परत करा. संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारातलं ५७ वं कलम अपहार केलेल्या सार्वजनिक निधीबाबत हेच सांगतं.

अमली कमाईत मात्र परत कुणाला करायचं? पैसा देणारा गिऱ्हाईक होता. त्याने तो स्वतःच्या हाताने दिला, बेकायदा वस्तूसाठी दिला, आणि त्याला तो परत मागता येत नाही. विकणाऱ्याचा तर त्यावर हक्क नाहीच. मधे कुणी प्रामाणिक मालक उरत नाही. म्हणून कायद्याने इथे मालकीचा प्रश्न बाजूला ठेवला आणि पैसा ज्याच्या हाती आहे त्याचा अधिकार मान्य केला.

२० डिसेंबर १९८८ रोजी व्हिएन्नात झालेल्या अमली पदार्थविरोधी करारात ही व्यवस्था लिहिली गेली. त्याच्या पाचव्या कलमानुसार, जो देश मालमत्ता सरकारजमा करतो तोच आपल्या कायद्याप्रमाणे तिची विल्हेवाट लावतो. पण दुसऱ्या देशाच्या विनंतीवरून ती सरकारजमा झाली असेल, तर दोन गोष्टींसाठी करार करण्याचा त्याने विशेष विचार करावा. एक, ती रक्कम अमली व्यापाराविरुद्ध काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना द्यावी. दोन, सहकार्य करणाऱ्या देशांबरोबर वाटून घ्यावी. 'विचार करावा' एवढंच. सक्ती कुठेही नाही.

सक्ती नसूनही वाटणी रुजली, याचं कारण सोयीचं गणित आहे. समजा वाटणी नसती. अमेरिकेने पाच वर्षं तपास केला, खातं स्वित्झर्लंडमध्ये शोधलं, पुरावे पाठवले आणि सगळा पैसा स्विस तिजोरीत गेला. पुढच्या वेळी अमेरिका एवढे कष्ट का घेईल? उलट बाजूने, सगळा पैसा अमेरिकेला मिळणार असेल तर स्विस अधिकाऱ्याने आपल्या देशातली प्रकरणं बाजूला ठेवून परक्या देशाच्या फायलीवर महिने का घालवावेत?

अर्धलीने जमीन कसणाऱ्यांना हे नव्याने समजावायला नको. जमीन एकाची, बैल आणि राबणं दुसऱ्याचं. खळ्यावर रास लागली की आधी बी-खताचा खर्च बाजूला काढतात आणि मग माप सुरू होतं. कुणाचं काय लागलं यावर वाटा ठरतो, आणि पुढच्या हंगामात दोघांनी पुन्हा एकत्र यावं म्हणून ठरतो. देशांमधली वाटणी याच समजुतीवर चालते.

अमेरिकेने १९८९ पासून परदेशांना असे वाटे द्यायला सुरुवात केली. पुढच्या वीस वर्षांत तिथल्या न्याय खात्याने तीसहून अधिक देशांना मिळून वीस कोटी डॉलरच्या वर रक्कम दिली. १९९८ ते २००५ या काळात संयुक्त राष्ट्रांमध्येही विषय पुढे सरकला आणि २००५ मध्ये आर्थिक व सामाजिक परिषदेने दोन देशांना सरळ उचलून वापरता येईल असा नमुना-करार मंजूर केला.

५. माप कसं टाकतात?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तस्कराची १ कोटी डॉलरची मालमत्ता 'ब' देशात सरकारजमा झाली. तपास मुख्यतः 'अ' देशाने केला होता. 'क' देशाने फक्त एका नामधारी कंपनीचे कागद पुरवले.

मालमत्तेत एक फ्लॅट होता. त्यावर एका बँकेचं २० लाख डॉलरचं कर्ज होतं आणि बँकेला तस्कराचा धंदा माहीत नव्हता. तिचे २० लाख आधी द्यावे लागतील, कारण निर्दोष तिऱ्हाइताचा हक्क सरकारच्याही आधी येतो. देखभाल आणि लिलाव यांचा खर्च ५ लाख. उरले ७५ लाख. वाटणीसाठीची खरी रास ही. सगळ्या देशांत हा क्रम तंतोतंत असाच नसतो, पण रीत साधारण हीच.

आता ७५ लाखांची वाटणी. युरोपीय संघातल्या देशांनी वाद टाळण्यासाठी सरळ नियम केला आहे. २००६ मध्ये तो आला आणि २०१८ च्या नव्या नियमावलीतही कायम राहिला. रक्कम १० हजार युरोंपर्यंत असेल तर ज्या देशाने हुकूम बजावला त्यानेच ती ठेवावी, त्याहून जास्त असेल तर निम्मी हुकूम देणाऱ्या देशाला पाठवावी. दोन्हीकडे साडेसदतीस लाख. गुन्ह्याला बळी पडलेल्या कुणाला भरपाई द्यायची असेल तर ती आधी.

कॅनडाच्या १९९५ च्या नियमांत तीन पायऱ्या आहेत. मदत मोलाची आणि सर्वांत जास्त असेल तर ९० टक्के, लक्षणीय असेल तर ५०, थोडी असेल तर १०. आमच्या उदाहरणात 'अ' देशाला कदाचित साडेसदुसष्ट लाख मिळतील, आणि नुसते कागद देणाऱ्या 'क'ला साडेसात लाख.

अमेरिकेची पद्धत सैल आहे. तिथेही मदतीच्या तीन श्रेणी आहेत, पण प्रत्येकीत पट्टा आहे. जिच्याशिवाय प्रकरण उभंच राहिलं नसतं अशा मदतीला ५० ते ८० टक्के, मोठ्या मदतीला ४० ते ५०, आणि बँकेची कागदपत्रं पुरवण्यासारख्या पूरक मदतीला ४० टक्क्यांपर्यंत. वाटा द्यायला न्याय खातं आणि परराष्ट्र खातं या दोघांची संमती लागते. म्हणजे पोलिसी कामाच्या हिशेबात परराष्ट्र धोरणही येऊन बसतं. मला युरोपचा निम्मेनिम नियम जास्त बरा वाटतो. त्यात बारीक न्याय नसेल, पण लहान देशाला मोठ्या देशाच्या दारात उभं राहून आपली मदत किती मोलाची होती हे पटवून द्यावं लागत नाही.

६. शिक्का बदलला की वाटा बदलतो

एकाच पैशावर कुठला शिक्का बसतो यावर सगळं कसं फिरतं, हे सालिनास प्रकरणाने दाखवलं.

१९९५ मध्ये स्वित्झर्लंडने मेक्सिकोच्या माजी अध्यक्षांचे भाऊ राऊल सालिनास यांची खाती गोठवली. तेव्हाच्या स्विस महाधिवक्ता कार्ला देल पोंते यांचं म्हणणं होतं की हा पैसा अमली टोळ्यांनी संरक्षणासाठी दिलेला आहे. १९९८ मध्ये त्यांनी ११ कोटी डॉलरहून अधिक रक्कम सरकारजमा करण्याचा हुकूम काढला. तो टिकला असता तर रक्कम अमली कमाई ठरली असती आणि तिची विल्हेवाट लावण्याचा अधिकार स्वित्झर्लंडकडे राहिला असता. मेक्सिकोला काही द्यायचं का, हे स्वित्झर्लंडने ठरवलं असतं.

पुढच्याच वर्षी स्विस सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. प्रकरण जिनिव्हाच्या तपासयंत्रणेकडे गेलं. वर्षं गेली. अखेर २००८ मध्ये स्वित्झर्लंडने ७ कोटी ४० लाख डॉलर मेक्सिकोला परत केले, पण अमली कमाई म्हणून नव्हे. मेक्सिकोच्या सरकारी निधीतून वळवलेला पैसा म्हणून. सालिनास यांना पुढे मेक्सिकोतल्या न्यायालयाने बेहिशेबी संपत्तीच्या आरोपातून मुक्त केलं, ही गोष्टही नोंदवायला हवी.

दरम्यान स्वित्झर्लंडने २००४ मध्ये वाटणीचा स्वतंत्र कायदा केला. देशांतर्गत वाटणीचं सूत्रही त्यात आहे: सरकारजमा रकमेचे दहा हिस्से केले तर पाच सरकारजमा करण्याचा हुकूम काढणाऱ्या प्रांताला, तीन संघराज्याला, दोन मालमत्ता जिथे होती त्या प्रांताला. परदेशांशी वाटणीही याच कायद्याखाली होते.

७. भारताच्या कायद्यात काय आहे?

अफू पिकवणारे आणि हेरॉइन बनवणारे दोन मोठे पट्टे भारताच्या दोन्ही बाजूंना आहेत, शिवाय औषधनिर्मितीचा आपला स्वतःचा मोठा उद्योग आहे. व्हिएन्ना करारात भारत १९९० मध्ये सामील झाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९८९ मध्ये, एनडीपीएस या आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात '५ अ' हे प्रकरण घालण्यात आलं. त्याखाली अमली व्यापारातून मिळवलेली मालमत्ता सरकारजमा होते आणि ती प्रामाणिक कमाईची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालमत्ताधारकावर असते. खेड तालुक्यातल्या मुंबके गावी दाऊद इब्राहिमच्या घराण्याच्या मालमत्तांचे लिलाव झाल्याचं आपण वाचलं. ते तस्करीविरोधी वेगळ्या कायद्याखाली, म्हणजे 'सफेमा'खाली झाले. पण ते लिलाव करणारं मुंबईतलं सक्षम प्राधिकाऱ्याचं कार्यालयच एनडीपीएसखालची मालमत्ताही हाताळतं.

दुसऱ्या देशांशी व्यवहार करण्यासाठी आणखी धागे आहेत. गुन्ह्याची कमाई शोधणं, गोठवणं आणि सरकारजमा करणं यासाठी ब्रिटनशी १९९२ मध्ये करार झाला. अमेरिकेशी झालेला परस्पर कायदेशीर सहाय्याचा करार २००५ मध्ये अमलात आला. त्याच वर्षी अमलात आलेल्या मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याचं ६० वं कलम परदेशाच्या विनंतीवरून भारतात मालमत्तेवर टाच आणण्याची वाट मोकळी करतं. अशी मालमत्ता सरकारजमा झाली तर केंद्र सरकार ती विनंती करणाऱ्या देशाला परत देऊ शकतं, किंवा विकून परस्पर ठरलेल्या अटींवर भरपाई देऊ शकतं, तपास आणि खटल्याचा वाजवी खर्च वजा करून. खळ्यावरची रीत आपल्या कायद्यातही आहे ती अशी.

हे कागदापुरतं नाही. उत्तराखंडातल्या हल्द्वानीच्या एका माणसाने डार्क वेबवर दुकान थाटून युरोपातून अमेरिकेत फेंटानिल, एलएसडी, केटामिन असे पदार्थ टपालाने पाठवले. २०१९ मध्ये त्याला लंडनमध्ये अटक झाली, २०२३ मध्ये अमेरिकेकडे सोपवण्यात आलं. २०२४ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि सुमारे १५ कोटी डॉलरचं आभासी चलन सोडून दिलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या विनंतीवरून ईडीने हल्द्वानीत त्याच्या भावाला अटक केली आणि २६८ बिटकॉइन ताब्यात घेतले. त्यांची तेव्हाची किंमत १३० कोटी रुपयांच्या घरात होती. तीन देश, दोन भाऊ, एक धंदा. हुरादोला शंभर खाती लागली होती. इथे संकेतशब्दांची एक यादी पुरली.

८. वाटा श्रमाचा, जखमेचा नाही

आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक नियमात एक गोष्ट समान आहे. वाटा ठरतो तो तपासात किंवा हुकूम बजावण्यात कुणी मदत केली यावर. अमली पदार्थांनी कुणाचं किती नुकसान झालं, हे कुठल्याच मापात येत नाही. ज्या देशातली तरुण मुलं व्यसनात गेली, पण ज्याच्या पोलिसांकडे आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारी माणसं नाहीत, त्या देशाच्या वाट्याला शून्य येतं. आणि ज्या देशाच्या बँकांनी डोळे मिटून तो पैसा ठेवून घेतला, त्याने पुढे चौकशीत चांगली मदत केली की निम्मा वाटा मिळतो. तपासाला चालना देणारी व्यवस्था म्हणून ही वाटणी उपयोगाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तिला न्याय म्हणणं मात्र मला जमत नाही.

आणखी एक अडचण आहे. नमुना-कराराप्रमाणे वाटा देणारा देश घेणाऱ्यावर तो कसा खर्च करावा याची अट घालत नाही, दोघांनी तसं ठरवलं नसेल तर. सार्वभौम देशांमध्ये ते योग्यच. पण त्यामुळे पैसा कुठे जाईल हे पूर्णपणे घेणाऱ्या देशाच्या कायद्यावर सुटतं. काही ठिकाणी तो पोलिसांच्या गाड्यांवर आणि उपकरणांवर खर्च होतो. अमेरिकेत यावर टीका होत आली आहे, कारण जप्तीतूनच खात्याचं अंदाजपत्रक भरू लागलं की गुन्हा मोठा कोणता यापेक्षा मालमत्ता मोठी कुणाची याकडे नजर वळते.

लक्झेंबर्गने वेगळी वाट धरली. १९९२ च्या कायद्याने तिथे अमली व्यापाराविरुद्धचा एक निधी उभारला गेला. सरकारजमा झालेली अमली कमाई त्यात जाते, परदेशांबरोबरच्या वाटणीतून आलेलीही जाते. त्यातून व्यसनप्रतिबंध आणि उपचार यांना मदत होते, आणि विकसनशील देशांतल्या प्रकल्पांनाही. बँकांवर उभा असलेला एवढासा देश तो पैसा जिथे जखम झाली तिथवर पोचवायचा प्रयत्न करतो. व्हिएन्ना करारातला पहिला पर्याय, म्हणजे रक्कम आंतरराष्ट्रीय कामासाठी द्यावी, हा बहुतेक देशांनी बाजूलाच ठेवला. लक्झेंबर्ग त्याच्या सगळ्यात जवळ गेला.

आपल्याकडे यासाठी नवं काही उभारायला नको. एनडीपीएस कायद्याच्या कलम '७ अ'खाली अमली पदार्थांच्या गैरवापराला आळा घालण्यासाठीचा राष्ट्रीय निधी १९८९ पासून आहे. व्यसनी माणसांना शोधणं, त्यांच्यावर उपचार करणं, त्यांचं पुनर्वसन, लोकांना माहिती देणं, ही त्याची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. त्यात पैसा कुठून येईल हेही लिहिलेलं आहे: केंद्र सरकारने दिलेली रक्कम, '५ अ' प्रकरणाखाली सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीचे पैसे, देणग्या आणि गुंतवणुकीचं उत्पन्न. परदेशी सरकारांबरोबरच्या वाटणीतून येणाऱ्या रकमेचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. मनी लाँडरिंग कायद्याखाली हाती लागलेल्या अमली कमाईचाही नाही.

बिटकॉइनच्या काळात असे वाटे वाढत जाणार आहेत. ते सर्वसाधारण तिजोरीत मिसळून जाण्याआधी संसदेने '७ अ'मध्ये एक पोटकलम घालावं, आणि अमली कमाईतून परदेशांकडून येणारा प्रत्येक वाटा थेट या निधीत जमा व्हावा. आपल्या खासदाराला अशी मागणी करणारं पत्र लिहायला कुणाही नागरिकाला कायद्याची पदवी लागत नाही.